परसाचा नकाशा

विनिपेग. फेब्रुवारी. उणे सव्वीस.
परस म्हणजे कुंपणाच्या तीन बाजू
आणि मध्ये मांडीपर्यंत बर्फ.
घर घेतलं ऑक्टोबर सरता सरता,
तेव्हा पानांचा खच होता, आणि चौथ्या दिवशी हे.
म्हणजे ज्याचे हप्ते भरतोय
ती जमीन आम्ही अजून पाहिलेलीच नाही.

तरी वीजबिलाच्या पाकिटामागे
तेओदोर रेघा ओढतोय.
इथे शेकोटी, दगडांची, गोल.
इथे बाक, काटकोनात वळणारा.
इथे डासांपासून जाळीची खोली, आठ बाय दहा.
दहा बाय दहा, मी म्हणते.
आठ.
वर दिव्यांची माळ, पिवळ्या दिव्यांची,
पांढऱ्या उजेडात आपलीच माणसं
दवाखान्यातली दिसतात.
खाली कोपऱ्यात त्याने खर्चाचा आकडा लिहिला
आणि त्यावर कॉफीचा कप ठेवून दिला.

बाजारात तुरी, म्हटलं मनाशी.
आणि भांडण मात्र आत्तापासून, बाकाच्या रंगावरून.

झेन्या नऊ वर्षांची. म्हणाली,
कागदावर मला काही कळत नाही. खरं काढा.

गॅसवर बोर्शसाठी बीट उकडलं होतं.
त्याचं पाणी गार करून
सॉसच्या रिकाम्या बाटलीत भरलं,
आणि निघालो, पायाखाली बर्फ करकरत,
ती पुढे, तेओदोर टेप धरून, मी बाटली दाबत.
लाल रेघ पडली की जागीच गोठायची.
खोली झाली. बाक झाला.
शेकोटीचं वर्तुळ जरा अंड्यासारखं आलं.

मग गॅरेजमधून घडीच्या खुर्च्या ओढत आणल्या तिने. चार.
त्या वर्तुळाभोवती आम्ही बसलो,
बोटांनाही नीट दुमडता येऊ नये अशा जाड हातमोज्यांत,
आणि तिच्या सांगण्यावरून
नसलेल्या जाळाकडे हात पसरले.

मार्को, चौदा वर्षांचा,
डिसेंबरपासून आमच्याशी तीन शब्दांवर न बोललेला,
खिडकीतून बघत होता.
आला. कोट उघडाच.
चौथ्या खुर्चीत बसला, गप्प.
मग तोंड वाकडं करून म्हणाला,
धूर माझ्या डोळ्यात येतोय,
आणि खुर्ची हातभर डावीकडे सरकवली.

कोणी हसलं नाही लगेच.
हसण्याने तो उठून जाईल अशी भीती वाटली.

कुंपणापलीकडून हाल्डोरसन, फावड्यावर हनुवटी टेकवून:
काय कापलंत एवढं?
सांगितलं. त्याने वर्तुळाकडे बराच वेळ पाहिलं.
तिथे काहीतरी होतं. आधीच्या बाईंचं.
काय ते… नाही आठवत आता.
आणि आपली वाट साफ करायला लागला.

एप्रिलमध्ये रेघा गुलाबी झाल्या,
मग फिक्या, मग नुसता चिखल.
चिखलातून निघाली आमची नसलेली वस्ती:
एक हातमोजा, कोणाच्या तरी कुत्र्याचा चेंडू,
कपड्यांचे सात चिमटे.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
तेओदोर खुंट्या आणि सुतळी घेऊन गेला
आणि तसाच उभा राहिला.
शेकोटीच्या बरोबर पोटात
जमीन फोडून वर आलेली लाल मूठ,
सुरकुतलेली, ओली.
एक नाही, पाच.
अळूची भावंडं वाटावीत अशी पानं उलगडायला लागलेली.
रुबार्ब! हाल्डोरसन ओरडला, रुबार्ब! तेच ते!
जणू हरवलेलं स्वतःचंच नाव सापडलं त्याला.
पानं खाऊ नका हं, विषारी असतात. देठ घ्या.
ती बाई केक करायची त्याचा,
कुंपणावरून द्यायची. गरम.

तेओदोरने पाकीट काढलं.
कॉफीच्या गोल डागाखाली आकडा होताच, वाढलेला.
शेकोटी चार फूट सरकली.
बाकाचा काटकोन गेला,
आता तो सरळ आहे, आणि रंग अजून ठरलेला नाही.
जाळीची खोली आठ बाय दहाच आली.
मी काही बोलले नाही.

फक्त मार्कोची खुर्ची
हातभर डावीकडे ठेवली आहे मी,
धूर तिकडे जात नाही असं धरून.