पाचशेतली एकोणीस

हार्डवेअरच्या दुकानात तिला वीट म्हणतात.
पाचशे बारीक काडतुसांचा खोका,
विटेएवढा, हातात घेतला तर विटेसारखाच जड,
आणि ऑक्टोबरात, गव्हाची कापणी उरकली की, सवलतीत.
ओरेस्ट ह्रिनचुक दोन विटा घेतो, पावती टोपीत खोचतो.
महागाची काडतुसं काउंटरमागे कुलपात असतात.
तिकडे तो बघत नाही,
सोयरीक मोडलेल्या घराकडे बघू नये तसा.

आमचा क्लब गावाबाहेर, खडीच्या जुन्या खाणीत.
सात टेबलं, पत्र्याचं छप्पर, पन्नास मीटरवर मातीचा बांध.
बांधापलीकडे सस्कॅचवान,
म्हणजे कापलेली ताटं आणि वारा.
हजेरीची वही माझ्याकडे असते.
दुसरी एक वही मी ठेवते, कुणी न सांगता.
तिच्यात फुसक्यांचा हिशेब.

चाप ओढला. टक्.
एवढंच.
मग नियम असा की नळी बांधाकडेच ठेवायची,
बोल्टला हात लावायचा नाही,
तीसपर्यंत मोजायचं,
कारण दारू कधीकधी उशिरा शुद्धीवर येते.

त्या तीस आकड्यांत मला माणसं कळली.
ड्वेन बाराला कंटाळतो, पुढचे अठरा शिव्यांनी भरतो.
शाळेतली लोरेटा ओठ न हलवता मोजते.
ओरेस्ट मोजतो युक्रेनियनमध्ये.
ती भाषा त्याच्याकडे आता एवढीच उरली आहे,
तीसपर्यंत.

मग बोल्ट उघडून काडतूस काढतो,
काठावरचा चेपा मला दाखवतो,
अर्धं फिरवून पुन्हा आत घालतो.
आतला मसाला काठाला सगळीकडे सारखा लागलेला नसतो, म्हणतो,
एका जागी कोरडं, शेजारी भरपूर.
आणि ते वाजतं.
सगळी नाही वाजत. निम्मी.
मी आधी खोडलेला आकडा पुन्हा दुरुस्त करते.

मी म्हटलं, स्वस्त ते महाग पडतं, ओरेस्ट.
म्हणाला, महाग ते कपाटात पडतं.
हात काय कपाटात शिकतो?

टर्कीच्या स्पर्धेच्या दिवशी पाणी गोठलं होतं बादलीत.
त्याच्या पुतणीची मुलगी, टालिया, वय चौदा,
त्याचीच बंदूक, त्याच्याच विटेतली काडतुसं.
चौथी गोळी. आवाज झाला,
पण झाला तो असा, कुणी दुसऱ्या खोलीत पुस्तक मिटावं तसा.
तिने बोल्ट ओढला, रिकामं पितळ उडालं,
पाचवं काडतूस आत सरकलं.

ओरेस्टला निम्मं ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं ट्रॅक्टरवर गेली.
पण बांधावर माती उडाली नाही, हे त्याने पाहिलं.
थांब, म्हणाला तो,
आणि सातही टेबलं थांबली.

बंदूक रिकामी केली, नळीत पितळेची सळई घातली.
वीतभर जाऊन अडकली.
लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्यावर
शिशाचा एक दाणा टेबलावर पडला,
दुधाच्या दातासारखा, मऊ, बिनकामाचा.
टालियाने तो उचलला. खाली ठेवला. परत उचलला.
ड्वेनसुद्धा काही बोलला नाही.
ओरेस्टने टोपी काढली, आत बघितलं,
जणू पावतीवर काहीतरी लिहिलेलं असणार होतं.

टर्की लोरेटाने जिंकली. फ्रीजरमधली, दगडासारखी.
वहीत मी लिहिलं, पाचशेत एकोणीस.
विसाव्याचं काय करायचं कळेना.
ते वाजलं होतं. फुसकं म्हणता येत नाही.

पुढच्या रविवारी ओरेस्ट आला,
विटेतली उरलेली तेवढीच घेऊन.
टालिया त्याच्या शेजारी.
आता ती प्रत्येक बारानंतर बंदूक टेकवते,
दुर्बिणीने कागदावरचं भोक शोधते,
सापडलं तरी लगेच बोल्ट ओढत नाही.
आणि तो तिच्याकडे बघून, अगदी हळू,
आकडे शिकवतो.


सतराला अडखळतो. तिथून पुन्हा सुरू करतो.