सळई

नदीत पाणी दिसलं नाही की नदीच नाही,
असं ट्रकवाल्यांना वाटतं.
आम्हाला तसं वाटून चालत नाही.

कितुईच्या उतारावर, खडक उघडा पडतो तिथे,
बांध घातला आम्ही सतरा बायकांनी, आणि मुसेंबीने,
ज्याला घरी करमत नव्हतं.
सिमेंट संस्थेचं. दगड आमचे, पाठीही.
पहिल्या पुरात बांधामागे नुसती वाळू साचली.
सासू म्हणाली, झालं? वाळूसाठी एवढा खटाटोप?
तिसऱ्या उन्हाळ्यात तिनेच कोपरभर उकरलं,
हात ओला निघाला.
बोलली काही नाही. लेसोला पुसला.

दर सोमवारी मी सळई खुपसते,
वर काढते, कोरडी किती ते मोजते,
पोराच्या जुन्या गणिताच्या वहीत लिहिते.
जून : दीड हात.
ऑगस्ट : अडीच.
सप्टेंबर : सळई अपुरी.
पाऊस गेल्या वर्षीइतकाच होता.
ट्रक चाळीस जास्त.

आमची वाळू नैरोबीत भिंती होते.
रात्री फावडं मारणाऱ्यांत माझा दीर क्येंगो;
एका खेपेत त्याच्या मुलीची अर्धी फी निघते.
त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.
सभेत मी वही वाचली, फक्त आकडे.
तो म्हणाला, पुरात येतेच की परत वाळू.
येते, म्हटलं. तुझ्या फावड्याच्या वेगाने येत नाही.

मग एका रात्री दारावर थाप.
ड्रायव्हर. रेडिएटर तापलेला, पाणी हवं होतं.
कंदील घेऊन त्याला पात्रात नेलं,
खड्डा उकरला, म्हटलं, बस आता.
घाई केली तर गढूळ येतं.
उकिडवा बसला. बराच वेळ
खड्ड्याच्या तळाशी काळोख फक्त चकाकत होता.
कुठून येतं हे? त्याने विचारलं.
तू भरलंयस ना ट्रकमध्ये, त्यातून.

आधी तो स्वतः प्यायला, दोन्ही ओंजळी. मग डबा भरला.
ट्रक रिकामा केला नाही त्याने.
भरलेलाच गेला, चढावर कण्हत.

सोमवारी क्येंगो आला बरोबर, न बोलावता.
सळई माझ्या हातातून घेतली.
त्याच्या अंगात जोर; मुठीपर्यंत रुतवली,
उपसली, टोक चाचपलं
आणि मुलीच्या शाळेच्या दिशेला बघत राहिला.
हे लिहू नकोस, म्हणाला.

मी लिहिलं.