सात नंबरचं मशीन

कासेरेसहून दीड तास गाडी हाकत आले
ते एका वाक्यासाठी: पासवर्ड चुकीचा आहे.

गावच्या वाचनालयात प्रौढांचा वर्ग. बाहेर जानेवारी.
एर्मेनेहिल्दाबाई, वय चौऱ्याहत्तर,
चणे निवडावेत तसं एकेक अक्षर निवडून
एंटर दाबतात, आणि मशीन म्हणतं, चुकीचा.
"माझंच डोकं," त्या म्हणतात. तीन आठवडे म्हणतायत.
दुसऱ्या मशीनवर बसा, असं सातुर्निनो मास्तरांनी सुचवून पाहिलं.
पण शेगडी इथे आहे.

मी काळी खिडकी उघडते.
विचारते, या बाईंना ओळखतोस?
ओळखतो, म्हणतं: क्रमांक वीस हजार एकशे आठ, गट विद्यार्थी.
डिरेक्टरीत नाव आहे,
उच्चारात नसलेला पहिला एचसुद्धा जागेवर.
मग दारात का अडवतोस?

केबल बदलली. सर्टिफिकेट तपासलं.
लॉग वाचला, खाली, वर, पुन्हा खाली.
कॉफीवर साय धरली.

तेवढ्यात चर्चच्या घंटेने पाच ठोके दिले.
दोन मिनिटांनी पुन्हा पाच.
ज्यांचे मोजायचे राहिले त्यांच्यासाठी
या गावात वेळ दुसऱ्यांदा सांगतात.
मलाही दुसऱ्यांदाच ऐकू आली.
स्क्रीनच्या कोपऱ्यात: चार एकावन्न.

अकरा मिनिटं मागे!
आत सोडणारा सर्व्हर पाचच मिनिटं पोटात घालतो.
आणि हे मशीन ज्याला वेळ विचारत होतं
तो दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलेला,
याला कोणी कळवलंच नव्हतं.

नवा पत्ता लिहिला. घड्याळ सरकलं.
"चूक तुमची नव्हती," मी म्हटलं.
त्यांनी नुसती मान हलवली.
एंटर. क्षणभर आत घेतलं,
आणि परत उंबऱ्यावर आणून सोडलं.

नाव पटलं होतं. राहायला घर नव्हतं.
होम फोल्डर कोणी बांधलाच नव्हता.
एक ओळ घातली: पहिल्यांदा येईल त्याला घर बांधून दे.

"आता टाका."
आणि बाई, घाई नको म्हणून,
प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत गेल्या:
खेचराचं नाव, मग ते विकलं ते साल.

दार उघडलं. वर्ग वळून पाहत होता.
"गोलोंद्रिना!" मागून कोणी म्हणालं, "नुसतं लाथा झाडायचं."
"तुझ्या बापालाच तेवढं," बाई म्हणाल्या,
नजर स्क्रीनवर. "आणि त्याचं काही चुकलं नाही."

कागदावर मी लिहिलं: काम झालं.
मग ते खोडून: पासवर्ड बदलणे.