अमाबिलेचे हात

पहिल्या चित्रकाराने तिला पाहिलंच नव्हतं.
ती जाऊन साठ वर्षं झालेली.
गावाने सांगितलं ते एवढंच:
बाई बुटकी होती, कमी बोलायची.
त्याने तिला उंच केलं,
हातात लिलीचं फूल दिलं, कारण
संतिणीच्या हातात काहीतरी द्यावंच लागतं.

दुसऱ्याने दोनशे वर्षांनी
तिची नजर आभाळाला लावली, गालांवर लाली चढवली.
तिसऱ्याने ढग आणले. ढगांत गुबगुबीत पंखवाली पोरं,
त्यातल्या एकाचं नाक थेट
देणगी देणाऱ्या लोकरव्यापाऱ्याचं.

खरी अमाबिले रंगारीण.
मोंतेग्वादोच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी
ग्वादोची पानं कुजवायची, त्यात
घरोघरच्या मुताचे हंडे ओतायची,
आणि लोकर बुडवायची.
काढताना हिरवट. वारा लागला की
बघता बघता निळी.
(चमत्कार म्हणून हा कोणी नोंदवला नाही.)

प्रार्थनेला ती मागे, दाराशी उभी राहायची.
लोक नाक मुरडून सरकायचे.
साथीच्या वर्षी मात्र
सख्खा भाऊ भावाचा उंबरा ओलांडेना,
तेव्हा आजाऱ्यांची अंथरुणं धुवायला हीच गेली.
वासाचं म्हणाल तर, म्हणाली, मला सवय आहे.
चर्चच्या वहीत तिचं एवढंच वाक्य आहे.

वास कोणी रंगवला नाही.

आता एर्सीलिया परांचीवर बसून
कापसाचा बोळा थुंकीने ओला करते
(थुंकीइतकं हळुवार दुसरं काही नाही, ती सांगते)
आणि मेणबत्त्यांची काजळी टिपते.
ढग गेले. लाली गेली.
आज दुपारी लिलीचा देठ
नखाएवढा सुटला, आणि त्याखाली
बोटं.
निळी. मनगटाकडे निळीच.

म्हणजे त्या पहिल्याने ऐकलं होतं नीट.
आधी हात रंगवले, मग फूल.
खाली कुणीतरी उभं असणार, पैसे मोजणारं.

प्रयोगशाळेचा निरोप: तांब्याचा रंग आहे,
सावलीसाठीही घालत असत,
घाई करू नका.

खाली फरशी पुसणाऱ्या देल्फीनाने मान वर केली.
निळे? मग काय झालं?
माझी आजी इथे यायची ती
हात न धुता यायची. सगळ्या रंगारणी तशाच यायच्या.
आणि बादली उचलून निघाली.

लिली अजून अर्धी भिंतीवर आहे.
एर्सीलियाने दिवा बंद केला.
उद्या बघू.