सतरा नंबर

हिंगण्याच्या बंद कारखान्यातून लिलावात उचलली,
किलोच्या भावात.
भंगारवाल्याची बोली माझ्याहून दोनच रुपयांनी कमी होती.
क्रेनच्या साखळीला लटकताना
तिच्या पोटातून जुनं काळं तेल गळालं,
शेडच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ.

तीन दिवस डिझेल आणि पोत्याचे बोळे.
पाटी दिसली, त्यावर रंगानं लिहिलेले सतरा.
मग टेबल:
टी-स्लॉटचा ओठ बोटभर फुटलेला,
कटर घुसल्याच्या दोन खाचा,
आणि भोकं, अकरा,
ज्याचं ड्रिल जॉब ओलांडून खाली गेलं
त्या प्रत्येकाचं एक.

अकरावं मी ओळखलं.
डाव्या टोकाशी, दहा मिलिमीटरचं, जरा तिरकं.
आयटीआयच्या सर्टिफिकेटवरचा शिक्काही वाळला नव्हता तेव्हा माझा,
अख्ख्या शॉपमधे मुलगी एकटी मी,
आणि जॉबखाली पॅकिंग ठेवायची विसरले.
बोंद्रेसाहेब यायच्या आत
भोकात ग्रीस नि बुरादा दाबला,
वरून अंगठा फिरवला.
चाळीस रुपये कापले गेले
रात्रपाळीच्या तुळशीरामचे.
मी तेव्हा व्हर्निअर पुसत होते.
फार वेळ पुसत होते.

दशरथ हेडाऊ गोळीबार चौकातून लुनावर येतात,
स्क्रेपर जुन्या लुगड्याच्या काठात गुंडाळलेला.
बाप कोष्टी, खड्ड्यातल्या मागावर बसायचा.
"लोखंड नोका म्हनू याले," ते पहिल्याच दिवशी म्हणाले,
"बीड हाये. लोखंड वाकते. हे सांगते, नाई त फुटते."

इर्शादनं विटांची भट्टी लावून टेबल कोळशावर शेकलं,
पितळेचा धागा ओठात उतरवला,
आणि सगळं राखेत पुरून ठेवलं दोन दिवस.
बाहेर छेचाळीस डिग्री,
कूलरची वाळ्याची ताटी पाणी पिऊन पिऊन थकलेली,
आणि आम्ही एका टेबलाला थंडी वाजू नये म्हणून जपत होतो.

भोकांसाठी बिडाचेच प्लग टर्न केले.
दहा ठोकून झाले.
"हे एक राहू द्या," मी म्हटलं.
त्यांनी वर पाहिलं नाही.
"काहून? भोकात बुरादा बसते,
बुराद्यावर जॉब बसते,
मंग जॉब खोटं बोलते."
हातोडा माझ्याकडे सरकवला.

मग पहाटे पाचपासून स्क्रेपिंग.
नऊनंतर पत्रा तापतो, टेबल फुगतं,
नीळसुद्धा भलतंच दाखवते.
सरळपट्टीला नीळ लावायची, टेबलावर ओढायची,
जिथं उंच तिथं निळा ठिपका,
तेवढाच खरवडायचा, केसाहून कमी,
पुन्हा नीळ.
पहिल्या दिवशी ठिपके चार, नकाशातल्या बेटांसारखे.
बाराव्या दिवशी गावं.
एकोणिसाव्या दिवशी पुनर्वसूच्या बाजरीसारखी
सगळीकडे दाट, सारखी पेरणी.
हेडाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले,
चहात पाव बुडवला,
आणि बराच वेळ पाठ चोळत राहिले.

डायल फिरवला टोकापासून टोकापर्यंत.
काटा दोन शतांश हलला, थांबला.

तेल पुसलं की मात्र दिसतं:
नखाएवढं वर्तुळ, बिडाचंच,
थोड्या वेगळ्या राखाडीचं.
बोट फिरवलं तर लागत नाही.

हिशोबाच्या चिठ्ठीवर प्लग दहाच.
"अकरा होते," मी म्हटलं.
"एक तुम्हीच ठोकला ना बाई."
मी तरी चाळीस जास्तीचे ठेवले.
त्यांनी नोटा मोजल्या,
चाळीस वेगळे काढून टेबलावर ठेवले,
बरोबर त्या जागी की सहज, मला कळलं नाही.
"हे माहे नाईत."
लुना तिसऱ्या किकला सुरू झाली.

बुटीबोरीत विचारलं, वाडीत विचारलं.
कोणी म्हणतं तुळशीराम गावी गेला,
कोणी म्हणतं कोणता तुळशीराम.
चाळीस रुपये ड्रॉवरमधे आहेत,
दहाच्या ड्रिलखाली.
सतरा नंबरवर उद्या पहिला जॉब.
पॅकिंग मी आजच ठेवलंय.