दुधाच्या खाड्यांशेजारी

सकाळी सहाला मी आकडा लिहिते
कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी.
तेरा तारखेला दूध नाही, सिलिंडर आलं,
एकशे बेचाळीस.
चौदाला अर्धा लिटर. एकशे अठ्ठ्याण्णव.
(तेराच्या रात्री प्रमिलाच्या पोरीचं साक्षगंध होतं.
एवढं तर होणारच होतं.)

आधी मी तो लपवायची,
गणिताचा पेपर घडी करून
दप्तराच्या तळाशी दाबावा तसा.
आता भिंतीवर असतो, उघडा.
फॉल लावायला साड्या घेऊन येणाऱ्या बाया
वाचतात, विचारतात,
"काऊन वं सोनकुसरे बाई, काल वाढली होती का?"
हाव, म्हणते मी, वाढली होती.
आज उतरून राहिली.

गोळीबार चौकात चौतीस वर्षं झाली माझ्या मशीनला.
सुई बोटात गेली नाही असा महिना नाही.
तरी हेडाऊ डॉक्टर जेव्हा म्हणाले, आता इंजेक्शन,
मी खुर्चीतच रडले
पदर तोंडाशी धरून,
आणि त्या पदराचाच पिको उसवलेला होता.
अख्ख्या महालाचे काठ शिवले मी,
माझा राहून गेला होता.

पहिल्या दिवशी पोटाची चिमूट धरून
पाऊण तास नुसती बसून राहिले.
मग स्वतःलाच म्हटलं, माय,
कापड जर तुला इतकं भ्यालं असतं
तर एक साडी पुरी झाली नसती.
टोचलं.
मुंगीहून कमी.

नवतप्यात फ्रीज बंद पडला.
सत्तेचाळीस अंश. कूलरही गरम हवा फेकून राहिलेला,
आणि औषधाला हवी थंडी.
सासऱ्यांच्या मागाच्या खोलीत एक मडकं होतं
सूत भिजवायचं.
त्यात ओली रेती, रेतीत लहान मडकं,
त्यात पेन, वरून ओलं फडकं.
माग विकून एकोणीस वर्षं झाली.
मडकं मात्र अजून
घरातल्या कुणाला तरी जपून राहिलं.

आणि कॉटन मार्केटची ती संध्याकाळ.
डिसेंबरात घाम. हात असे थरथरले
जसं दोरा संपल्यावर मशीन रिकामंच धावतं.
लग्नसराईच्या बावीस साड्यांपायी
दुपारचं जेवण राहिलं होतं.
संत्र्यांच्या ढिगामागचा पोरगा काही न विचारता उठला,
सोलून एकेक फोड हातावर ठेवत गेला.
"माह्या आजीलेही असंच होते मावशी. बसा."
पाचव्या फोडीला रस्ता पुन्हा जागेवर आला.
सहा वर्षं मी साखरेला वैरीण म्हणत होते.
त्या दिवशी तिनंच मला घरी पोचवलं.
आता बटणांच्या डबीत
ग्लुकोजची एक पुडी असते, हुकांच्या खाली.

रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळपाय पाहते.
भेग, फोड, काही रुतलं का.
या पावलांकडे इतकं निरखून
आजवर कुणी पाहिलं नव्हतं.
मीही नाही.

हे बरं होणार नाही, मला माहीत आहे.
पण मी बरी आहे.

परवा धोटे मास्तर आले, धोतराला काठ लावायचं निमित्त करून.
नुकतीच निघाली त्यांना. चेहरा पार उतरलेला.
धोतर तसंच मांडीवर, म्हणाले,
"तुम्हाला भीती नाही वाटत?"
वाटते ना, मास्तर.
पण तिलाही माझ्यासंग सकाळी सहाला उठा लागते.
ते हसले नाहीत. जरा वेळानं
खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.
सांगा, म्हटलं, लिहून घेते.

सतरा तारीख. दूध एक लिटर, पाहुणे होते.
माझे एकशे छत्तीस.
मास्तरांचे दोनशे साठ.