काळी पाच

गुरुवार पेठेतल्या आमच्या देवळात
(देऊळच म्हणतो आम्ही.
रिक्षावाला विचारतो, कुठल्या देवाचं?)
डावीकडच्या खिडकीखाली पायपेटी आहे.
तिची मधल्या सप्तकातली काळी पाच
मी सात वर्षांची असताना मेली.

म्हणजे बोट टेकवलं की पट्टी खाली जायची,
वर यायची,
आणि मधे नुसती हवा.
फस्स.

वाजवायची मार्थाआत्या.
सोमवार ते शनिवार
महापालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शनं द्यायची.
रविवारी तेच हात, डेटॉलचा वास तसाच.
पांढरी एकमध्ये गीत धरलं
की उतरताना कोमल निषाद यायचाच,
आणि तो यायचाच नाही.

पहिल्या रविवारी मंडळी अडखळली.
पुढच्या रविवारी सगळ्यांनी तिथे जरा दमानं घेतलं,
खड्ड्यापाशी सायकल घेतात तसं.
मग उत्तम शुक्रवारी, तिसऱ्या कडव्यात,
शमुवेलकाका रणनवरे,
ज्यांचे दोन्ही कान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
जवळजवळ संपले होते,
त्यांनी तो निषाद लावला.
एकट्यांनी. छातीतून. थोडा चढा.

पेटी गप्प झालीये
हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्याचे पाय चालत राहिले. मान मात्र वळली.
ईस्टरला सगळेच लावू लागले तो सूर:
उजागरे मास्तर, त्यांची मुकी म्हणवली जाणारी सून,
मागच्या बाकावर पेंगणारी आम्ही पोरं.
बाकी गीत पेटीचं,
तेवढा एक सूर आमचा.

दुरुस्तीचे पैसे हंगामाच्या सणाला जमले.
एक भोपळा लिलावात तीनदा विकला गेला,
घेणारा परत दान करायचा.
बुधवार पेठेतून खळदकर आले,
चपला बाहेर काढून, पेटीला नमस्कार करून बसले.
आतली पितळी जीभ तळहातावर घेऊन म्हणाले,
भावनगरची आहे, बाई. असली आता मिळायची नाही.
नवी बसवतो. आठ दिवस रुसेल, मग बोलेल.

ती पहिल्याच रविवारी बोलली.
स्वच्छ, बरोबर, कुठेही चढी नाही.
आणि सगळी मंडळी
त्या जागी गप्प झाली. ऐकत राहिली.
शमुवेलकाका तेवढे गात होते.

आत्यानं त्यानंतर काळी पाच कधी वाजवली नाही.
पाळकांनी विचारलं. हसली.
मला शिकवताना म्हणाली,
इथे बोट उचल. पाय थांबवू नकोस,
भाता रिकामा झाला तर
पुढचं कडवं कुठून आणशील?

आता मी वाजवते.
श्रद्धेचं मला विचारू नका,
कित्येक रविवार मी नुसती हजेरीला येते,
प्रवचनात दळणाचा हिशेब करते.
पण तिथे आले की बोट उचलते.
पट्टीच्या वर, अर्धा इंच.

काकांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.
हडपसरहून, वाघोलीहून नवी माणसं येतात,
त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही.
शेजारच्याचं ऐकून गातात.
आणि तो निषाद
अजून
थोडा चढाच लागतो.